घरच्या दुरुस्तीसाठी मल्टी-बिट स्क्रू ड्रायव्हर कसा निवडायचा आणि सुटे स्क्रू कुठले, किती, कसे ठेवायचे

आम्ही नवी मुंबईत ऐरोलीला रिसेलचा फ्लॅट घेऊन राहायला आलो आणि पहिल्याच महिन्यात सिंकखालच्या कपाटाचं दार लोंबायला लागलं. सुताराला फोन केला तर म्हणाला, ताई एका बिजागरीसाठी यायला परवडत नाही, अजून चार कामं साठू द्या मग येतो. त्याचंही बरोबर आहे, गाडीचं पेट्रोल आणि अर्धा दिवस घालवून तो एका स्क्रूचे किती घेणार. मग मी ऑनलाइन बत्तीस बिटचा (बिट म्हणजे हँडलमध्ये बदलून लावायची टोकं) सेट मागवला, त्यातला दिसायला बरोबर वाटला तो फुलीचा बिट लावला आणि जोरात फिरवला. बिट दोनदा कट् कट् करून सटकला आणि तिसऱ्या वेळेला स्क्रूच्या डोक्यातली फुली गुळगुळीत वाटीसारखी झाली. पुढे तो स्क्रू काढायला मिस्त्रीला ड्रिलच मारावं लागलं, दाराच्या सनमायकाचा टवका उडाला तो वेगळाच.

स्क्रू पीझेड २ होता आणि मी लावला होता पीएच १ (दोन्ही फुल्याच, पण वेगळ्या, फरक खाली सांगतेय). बत्तीस बिट होते पण त्या स्क्रूचा एकही नव्हता! हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून नवीन घरात आलेल्यांसाठी, पहिल्यांदा भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींसाठी सगळं सविस्तर लिहितेय.

१. दुकानात जायच्या आधी घरातले स्क्रू बघून या

हे काम वीस मिनिटांचं आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं आहे. मोबाईलची टॉर्च घ्या आणि घरभर फिरा. किचन ट्रॉलीच्या बिजागऱ्या, मुख्य दाराचं लॅच आणि कडी, स्लायडिंग खिडक्यांची फ्रेम, मच्छरदाणीची जाळी, स्विचबोर्डाची प्लेट, पंख्याची वाटी, मिक्सरचा तळ, बाथरूमच्या नळाची मूठ, रिमोट, मुलांच्या खेळण्यातलं सेलचं झाकण. प्रत्येक ठिकाणच्या स्क्रूच्या डोक्याचा जवळून फोटो काढा. खोल खड्ड्यात असलेल्या स्क्रूंची वेगळी नोंद करा, त्याचं कारण खाली येतंय.

आमच्या घरात असं फिरल्यावर एकूण सहाच प्रकारची डोकी निघाली. तुमच्याकडेही याच्या आसपासच निघतील. म्हणजे सेटमध्ये बत्तीस बिट आहेत की शंभर हा प्रश्नच नाही, ते सहा आहेत का आणि चांगल्या स्टीलचे आहेत का एवढंच बघायचं.

२. फुली आणि फुलीतला फरक ओळखा

सगळे घोळ इथेच होतात त्यामुळे हे जरा सावकाश वाचा.

साधी फुली म्हणजे फिलिप्स, बिटवर पीएच असं कोरलेलं असतं. अमेरिकेत हेन्री फिलिप्स यांनी १९३६ साली याची पेटंट घेतली, सुरुवातीला मोटारींच्या कारखान्यात वापर झाला आणि तिथून जगभर पसरली. हिच्या खाचेच्या भिंती थोड्या उतरत्या असतात, त्यामुळे दाबायचा जोर कमी पडला की बिट आपोआप वर उचलला जातो आणि सटकतो. म्हणून फिलिप्सचा स्क्रू सोडवताना आधी बिट आत दाबायचा आणि मग फिरवायचा. दाबायला जास्त जोर, फिरवायला कमी. नवशिक्यांचं नेमकं उलटं होतं.

दुसरी फुली पोझिड्राइव्ह, तिच्यावर पीझेड लिहितात. स्क्रूच्या डोक्यावर मोठ्या फुलीच्या मधोमध, तिरक्या, अजून चार बारीक रेघा दिसल्या की समजा पीझेड. ट्रॉलीच्या ऑटो क्लोज बिजागऱ्यांचे अॅडजस्टमेंटचे स्क्रू आणि खोक्यातून येणारं जोडायचं फर्निचर यात ही खूप सापडते, बहुतेक वेळा पीझेड २. यात पीएच २ घातला तर बसल्यासारखा वाटतो पण हलतो, आणि तसाच जोर लावला की डोकं गेलं.

नंबर म्हणजे साईज. शून्य रिमोट-खेळण्यांना, १ छोट्या स्क्रूंना, २ घरातल्या जवळजवळ सगळ्या कामांना, ३ जाड स्क्रूंना. माझी नव्वद टक्के कामं २ नंबरवर होतात.

आता एक भाषेचा घोळ, याने मी एकदा चुकीची वस्तू घेऊन आले. आपल्याकडे हार्डवेअरवाल्याला ‘स्टार’ म्हटलं की तो साधी फुली देतो, चपट्याला ‘फ्लॅट’ किंवा ‘मायनस’ म्हणतात. पण ऑनलाइन बऱ्याच ठिकाणी ‘स्टार’ म्हणजे टॉर्क्स, सहा पाकळ्यांच्या फुलासारखं डोकं, ज्याचे नंबर टी ८, टी १०, टी १५ असे असतात. म्हणून ऑर्डर करताना नाव बघू नका, फोटो आणि पीएच-पीझेड-टी ही अक्षरं बघा. काही टॉर्क्स स्क्रूंच्या मधोमध एक बारीक खुंटी असते, त्याला मधे भोक असलेला बिट लागतो, साधा टॉर्क्स आत जाणारच नाही.

नळाच्या मुठीला आणि दाराच्या हँडलला बाजूने एक बारीक षटकोनी भोक असतं, त्यात एलन की, म्हणजे वाकडी षटकोनी सळी लागते. दोन एमएमपासून पाच एमएमपर्यंतचा छोटा जुडगा वेगळा घ्या, बिटच्या सेटमधल्या एलनपेक्षा वाकडी सळीच अडचणीच्या जागी नीट शिरते.

३. ड्रायव्हर घेताना काय बघायचं

पहिलं म्हणजे बिटचं बूड. घरकामाचे बिट पाव इंची षटकोनी असतात म्हणजे ६.३५ एमएम. मोबाईल-चष्म्याचे बारीक सेट येतात त्यांचे बिट ४ एमएमचे. हे दोन एकमेकांत बसत नाहीत. पाव इंचीचा हँडल घेतलात तर पुढे एखादा बिट झिजला की तो एकच सुटा आणता येतो आणि ड्रिल मशीनलाही तोच चालतो. काही स्वस्त सेटमध्ये बिटची स्वतःचीच काहीतरी वेगळी साईज असते, एक हरवला की अख्खा सेट वाया, ते घेऊच नका.

दुसरं, आणि हे मला कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं दिसलं नाही, दांड्याची जाडी! बिट जिथे बसतो ते तोंड चांगलं बोटाएवढं जाड असतं. मिक्सरचा तळ उलटा करून बघा, स्क्रू दोन-तीन इंच खोल अरुंद भोकात असतात. मल्टी-बिटचं तोंड त्या भोकाच्या काठावरच अडतं आणि छोटा बिट स्क्रूपर्यंत पोचतच नाही. यासाठी एकतर शंभर एमएम लांबीचा पीएच २ बिट घ्या नाहीतर सरळ एक साधा, बारीक लांब दांड्याचा २ नंबरचा फुलीवाला स्क्रू ड्रायव्हर वेगळा ठेवा. मी दुसरं केलंय आणि मला तेच पटतं. मल्टी-बिट कितीही चांगला असला तरी हा एक सुटा घरात हवाच.

तिसरं स्टील. सीआर-व्ही म्हणजे क्रोम व्हॅनेडियम, हँडल-दांड्याला ठीक. बिट मात्र एस२ स्टीलचे बघा, टोक लवकर गोल होत नाही. कोरलेलं खोटंही असू शकतं म्हणून मी एक परीक्षा करते. घरातला नवा स्क्रू खिशात घेऊन जायचा, दुकानात बिटच्या टोकावर बसवायचा आणि डावी-उजवीकडे हलवून बघायचा. घट्ट बसला तर घ्या, खुळखुळला तर पुढचा दाखवा म्हणा. दुकानदार कुरकुरत नाहीत, उलट गिऱ्हाईक समजूतदार आहे हे त्यांना कळतं आणि मग ते आतला चांगला माल काढतात.

रॅचेट, म्हणजे मूठ न सोडता कर्र-कर्र फिरवायची सोय, हवी असेल तर घ्या, मनगट दुखणाऱ्यांना खरंच आराम पडतो, माझ्या सासूबाई त्यामुळेच आता स्वतः स्क्रू आवळतात. पण स्वस्तातला रॅचेट घट्ट स्क्रूला मधेच निसटतो. कमी बजेट असेल तर रॅचेट सोडा, स्टील बघा.

एक सिक्स-इन-वन प्रकार मिळतो, दोन्ही टोकांना बिट असलेल्या दोन सळ्या आणि दांड्याची टोकं पाव इंच आणि पाच-सोळांश इंच नट फिरवायला. भाड्याच्या घरात राहणाऱ्या एकट्या माणसाला हा पुरतो आणि बिट इकडेतिकडे हरवत नाहीत.

कुठे घ्यायचा? सेक्टरच्या मार्केटमधला हार्डवेअरवाला पहिला, कारण बदलून देतो. जास्त व्हरायटी हवी तर मुंबईत मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला चालत जा, हत्यारं आणि नटबोल्टांची रांगच्या रांग आहे. ब्रँडमध्ये नाशिकच्या सातपूरची टपारिया बहुतेक सगळ्या दुकानांत असते आणि दुकानदाराला न समजावता मिळते, मी सुटा ड्रायव्हर तोच घेतला.

४. माझ्या डब्यात असलेली हत्यारं

पाव इंची हँडल, बिट पीएच १, पीएच २ चे दोन (हाच झिजतो), पीझेड २, चपटा ५-६ एमएम, टी १०, टी १५. एक लांब सुटा फुलीवाला. एलन कींचा जुडगा. बारीक कामाचा ४ एमएमचा छोटा सेट. पक्कड, टेस्टर, मोजपट्टी, फेविकॉल, काडेपेटी, गंजावर मारायचा स्प्रे. कागदपत्रांत फक्त वॉरंटी कार्डं आणि बिलं एका पाकिटात, कारण मिक्सर-फूड प्रोसेसर उघडायच्या आधी वॉरंटी संपली का ते बघायचं असतं. स्क्रूवर छोटा स्टिकर चिकटवलेला असेल तर तो फाडला की कंपनी हात वर करते.

५. लाईटच्या कामाला मल्टी-बिट नको

हँडल प्लास्टिकचं आहे म्हणजे शॉक लागणार नाही असं अजिबात समजू नका. दांडा उघडा लोखंडाचा असतो, बोट घसरून त्यावर गेलं की संपलं. शिवाय चुंबकाने धरलेला बिट सुटून बोर्डाच्या आत पडू शकतो. विजेच्या कामाचे ड्रायव्हर वेगळे, दांड्याला टोकापर्यंत इन्सुलेशन आणि १००० व्होल्टची खूण असलेले. आणि ते असले तरी एमसीबी (त्या लाइनची वीज तोडणारा स्विच) पाडायचाच, मग टेस्टर लावून खात्री करायची. टेस्टर आधी चालू असलेल्या दुसऱ्या पॉइंटला लावून बघा, दिवा लागतोय ना, कारण टेस्टरच बिघडलेला असेल तर बंद दिवा बघून तुम्ही बिनधास्त हात घालाल. टेस्टरने स्क्रू आवळू नका, आतली नाजूक काडी तुटते.

मी स्वतः बोर्डाची प्लेट घट्ट करण्यापलीकडे जात नाही. मीटरच्या पेटीला आणि महावितरणच्या सीलला हात नाही, पाईप गॅसच्या जोडणीला तर नाहीच नाही.

६. सुटे स्क्रू, कुठले ठेवायचे

आधी मापाची भाषा शिकून घ्या, नाहीतर काउंटरवर गोंधळ होतो. आपल्याकडे अजून सुतात चालतं. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत साधारण ३.२ एमएम. चार सूत अर्धा इंच, सहा सूत पाऊण इंच, बारा सूत दीड इंच. हे झालं लांबीचं. जाडी नंबरात, ६ नंबर म्हणजे साडेतीन एमएम, ८ नंबर साधारण ४.२ आणि १० नंबर ४.८. तर “आठ नंबर, दीड इंच, स्टार, चपट्या डोक्याचा” एवढं म्हटलं की काम झालं. सगळ्यात बरं म्हणजे जुना स्क्रू नमुना म्हणून न्यायचा.

बिजागरीचे: ६ नंबर, पाच सूत (१६ एमएम), चपटं डोकं. हे सगळ्यात जास्त लागतात, दोन डझन ठेवा. इथे लांबीचा लोभ करू नका. ट्रॉलीचं दार असतं १८ एमएमचं, त्यात एक इंची स्क्रू लावला की टोक पुढच्या बाजूने सनमायका फोडून बाहेर येतं. आमच्या शेजारच्यांकडे असं झालंय, पांढऱ्या दारावर मधोमध फोड आल्यासारखा उंचवटा, तो कायमचा राहिला.

भिंतीचे: ८ नंबर दीड इंच, सोबत ६ एमएमची गिट्टी, म्हणजे स्क्रूच्या आधी भिंतीच्या भोकात बसवायची प्लास्टिकची नळी. दुकानात गिट्टीच म्हणा, वॉल प्लग म्हटलं तर काही जण बघत राहतात. ड्रिलचा बिट पण ६ एमएमचाच.

स्विचबोर्डाच्या प्लेटचे मशीन स्क्रू: हे टोकदार नसतात, आटे बारीक असतात. नमुना नेऊनच घ्या, वेगळ्या आट्यांचा जबरदस्तीने घातला तर आतल्या पेटीचेच आटे जातात.

काळे जिप्समचे स्क्रू: स्वस्त असतात म्हणून लोक सगळीकडे वापरतात. वजन पेलायच्या जागी वापरू नका, ते कडक पण ठिसूळ, आवळताना डोकं तुटून येतं, आणि ओल्या जागेत लगेच गंजतात. फॉल्स सीलिंगसाठी बनवलेत, तिथेच राहू द्या.

आणि जे विकत घ्यावे लागत नाहीत ते. टीव्ही भिंतीला लावला की खालच्या पायांचे स्क्रू उरतात, ते फेकू नका, घर बदलताना टीव्ही टेबलावर ठेवायची वेळ येतेच. फर्निचरच्या खोक्यात जादा पाकीट असतं, एसीवाला चार स्क्रू जास्तीचे सोडून जातो. हे सगळं त्या त्या वस्तूच्या नावाने वेगळं ठेवा. एकत्र ओतलेल्या स्क्रूंचा ढीग कधीच कामाला येत नाही, कारण तो हवा असतो तेव्हा कोणी चाळत बसत नाही.

७. खाडीच्या हवेचा विचार करा

ठाणे असो की नवी मुंबई, खाडी जवळ, हवा खारट, आणि जूनपासून चार महिने पाऊस. खिडकीच्या अॅल्युमिनियम फ्रेममधले साधे लोखंडी स्क्रू दोन-तीन पावसाळ्यात तपकिरी होऊन फुगतात आणि खाली भिंतीवर गंजाचा ओघळ येतो. खिडकी, ग्रिल, बाथरूम, गॅलरीतला कपड्यांचा स्टँड इथे एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक प्रकार) चेच स्क्रू लावा. थोडे महाग पडतात पण एकदाच.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, एसएस ३०४ ला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. म्हणजे तुमचा चुंबकवाला बिट तो स्क्रू धरणार नाही. सातव्या मजल्याच्या खिडकीबाहेर हात काढून काम करताना स्क्रू खाली पडला तर खाली माणसं चालत असतात. मी स्क्रूचं डोकं आणि बिट दोन्हीवरून चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावते, दोन आटे बसले की ओढून काढते. आणि खरं सांगते, बाहेरच्या बाजूला वाकून करायचं काम असेल तर ते करूच नका, माणूस बोलवा.

८. डबा कसा लावायचा

खानेवाला पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, हार्डवेअरवाल्याकडे नाहीतर मण्या-मोत्यांच्या दुकानात मिळतो. नाहीतर श्रीखंडाचे अर्धा किलोचे डबे आहेतच घरात, झाकणावर एक स्क्रू बाहेरून चिकटपट्टीने चिकटवून टाका, म्हणजे आत काय आहे ते न उघडता दिसतं. मार्करचं लिखाण पुसलं जातं, हे नाही. बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी प्रत्येक डब्यात एक.

काही खोलताना स्क्रू काढले त्याच क्रमाने ठेवायचे. माझ्याकडे जुन्या इडलीपात्राची एक ताटली आहे, चार खळगे, चार कोपऱ्यांचे स्क्रू चार खळग्यांत. मिक्सरच्या तळाला दोन स्क्रू लांब आणि दोन आखूड होते, लांबवाला चुकीच्या भोकात गेला असता तर प्लास्टिक फुटलं असतं.

९. स्क्रू बिघडलाच तर

भोक सैल झालं, स्क्रू नुसताच फिरतोय: काडेपेटीच्या दोन-तीन काड्यांचं गुल तोडा, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासा, रात्रभर वाळू द्या, वर आलेला भाग ब्लेडने कापा आणि तोच स्क्रू परत लावा. लोंबलेली दारं निम्म्याहून जास्त वेळा यानेच सरळ होतात. घाई करून तासाभरात स्क्रू लावला तर काड्या ओल्याच बाहेर येतात, दोनदा अनुभव घेतलाय.

डोकं गोल झालं: जाड रबरबँड डोक्यावर ठेवून वरून बिट दाबा आणि सावकाश फिरवा. थोडं डोकं वर असेल तर पक्कडीने धरा. गंज असेल तर स्प्रे मारून रात्रभर सोडा, सकाळी ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या आणि आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग सोडायच्या दिशेने फिरवा. ठोका मात्र सुट्या ड्रायव्हरलाच, मल्टी-बिटच्या मुठीला नाही, आतली पकड तुटते.

प्लास्टिकमध्ये स्क्रू परत लावताना आधी उलटा फिरवा, हाताला एक बारीक ‘टक्’ जाणवतो, म्हणजे जुने आटे जुळले. तिथून सुलटा फिरवला की सहज आत जातो. असं नाही केलं तर दर वेळी नवे आटे पडत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला झाकण बसतच नाही. खेळणी, रिमोट, मिक्सर सगळ्याला हे लागू.

अजून एक, गणपतीचं फोल्डिंग मखर असेल तर त्याचे नटबोल्ट, वायसर आणि ते कानवाले नट डब्यात टाकू नका. विसर्जनानंतर मखर सोडलं की तिथल्या तिथे कापडी पिशवीत भरून पिशवी मखराच्या पट्टीलाच बांधा, सोबत त्याला लागणारा पानाही. गेल्या वर्षी आदल्या रात्री अकरा वाजता दोन नट कमी पडले होते आणि सगळी दुकानं बंद होती, तेव्हापासून त्या पिशवीत चार जास्तीचे असतात.